पंचवटीतल्या वहिनी आणि आमचं सोपं इंग्रजी

कॉलेजातली माझी नोकरी तासिका तत्त्वावरची होती. दर उन्हाळ्यात ती संपायची आणि जूनमध्ये पुन्हा बोलावणं येईल का, याची वाट बघायची. नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाच्या एका जूनमध्ये ते आलं नाही. विभागप्रमुख जिन्यात भेटले, "बघू, दिवाळीनंतर काहीतरी होईल," म्हणाले आणि घाईने वर निघून गेले. मी नांदगावची, मराठी शाळेतली. इंग्रजीत एम.ए. झाले तेव्हा वडिलांनी आळीत पेढे वाटले होते. आता वडील नव्हते, नाशकात भाड्याच्या दोन खोल्यांत आई आणि मी राहत होतो, आणि त्या इंग्रजीचं करायचं काय, हे मला कळत नव्हतं.

त्यानंतरची काही वर्षं मी जे काम केलं त्याला धड नाव नव्हतं. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "मासिकात आहे." पुढे कुणी विचारलं नाही तर बरं, असा तिचा चेहरा असायचा.

मुंबईचं एक इंग्रजी मासिक होतं, बायकांसाठीचं. घर, मुलं, स्वयंपाक, नवऱ्याशी कसं वागावं, सासूपुढे किती वाकावं. मोठ्या शहरांत ते खपायचं. मालकांच्या लक्षात आलं की लहान गावांतल्या बायकाही ते विकत घेऊन बघतात, पण दोन-चार अंकांनंतर घेईनाशा होतात, कारण त्यातलं इंग्रजी त्यांना झेपत नाही. म्हणून दुसरी आवृत्ती काढायची ठरली. तेच लेख, तेच फोटो, इंग्रजी मात्र सोपं. छपाई सातपूरला व्हायची होती, म्हणून कचेरीही नाशकात आली. शरणपूर रोडला टायरच्या एका दुकानावर दोन खोल्या. संपादकबाई मुंबईत बसायच्या आणि अधूनमधून यायच्या. मुलाखतीत त्यांनी मला विचारलं, "तू लहान गावातली ना? मग कुठे अडतं ते तुला बरोबर कळेल." मी हो म्हटलं. राग यायला हवा होता बहुतेक. पण नोकरी मिळाली हेच तेव्हा पुष्कळ होतं.

काम असं. मुंबईहून मोठ्या आवृत्तीतला लेख यायचा. तो मी सोप्या इंग्रजीत पुन्हा लिहायचा. मग त्याचे कागद घेऊन मोपेडवरून घरोघर जायचं, बायकांना ते मोठ्याने वाचायला लावायचं, आणि जिथे त्या अडतील तिथे पेन्सिलीने खूण करायची. परत येऊन तेवढा भाग आणखी सोपा करायचा. संपादकबाई याला टेस्टिंग म्हणायच्या. मी घरात शिरले की बायका पदर सारखा करून, मुलांना आत पिटाळून, परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसायच्या. एखादीचा नवरा मधेच म्हणायचा, "तिला कशाला विचारता, मला विचारा." आणि तोही नेमका तिथेच अडायचा.

'सीझन द व्हेजिटेबल्स' असं एका पाककृतीत होतं. सिडकोतल्या एका बाई तिथे थांबल्या आणि म्हणाल्या, "कुठल्या सीझनच्या भाज्या घ्यायच्या, ते लिहिलेलं नाही." 'अ डॅश ऑफ लेमन' वाचून एकीला लिंबाची आडवी रेघ कशी मारतात हा प्रश्न पडला. 'पुट युवर फुट डाउन' वाचता वाचता एका वयस्क बाईंनी खरोखरच मांडी मोडून एक पाय जमिनीवर ठेवला आणि पुढे वाचायला लागल्या. हसायचं नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले. त्यांचं वाचन वाईट नव्हतं. ते इंग्रजी त्यांच्या घरावरून कधी गेलंच नव्हतं, इतकंच.

नात्यांचा घोळ तर रोजचा. 'माय इन-लॉज आर कमिंग' म्हटलं की पहिला प्रश्न, "म्हणजे कोण कोण येणार?" सासूबाई एकट्या येणार असतील तर तयारी वेगळी, नणंद पोरांसकट येणार असेल तर वेगळी. मी 'हजबंड्स एल्डर सिस्टर' असं लिहायला लागले. संपादकबाईंचा फोन आला, "हे इतकं लांबलचक कशाला?"

मी म्हटलं, "मॅडम, नणंद मोठी आहे की धाकटी, यावर पुढचा सगळा लेख अवलंबून आहे."

त्यांनी ते वाक्य फोनवरच पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "ठेव."

सगळ्यात दमवायचा तो साधा 'यू' शब्द. बायकांना एखादं वाक्य मराठीत समजावून सांगताना मला ठरवावं लागायचं, की हे मासिक त्यांना 'तू' म्हणतंय की 'तुम्ही'. 'यू मस्ट रेस्ट.' तू विश्रांती घे, म्हटलं तर काहींना ते अगंतुगं वाटायचं. तुम्ही विश्रांती घ्या, म्हटलं की तो सल्ला सरकारी दवाखान्यातल्या पाटीसारखा लांबून यायचा. एकीने मला सरळ विचारलं, "पण हे म्हणतंय कोण? आईच्या वयाची आहे का ती बाई, की माझ्याएवढी?" मला सांगता आलं नाही. लेख बहुतेक परदेशातल्या कुठल्यातरी मासिकावरून उचललेला असायचा.

संध्याकाळी घरी आले की डोकं ठणकत असायचं. प्रत्येक घरच्या चहाला नाही म्हणता येत नसे, त्यामुळे पित्त कायमचं बसलं. आई म्हणायची, "दिवसभर दुसऱ्यांचं वाचून घेतेस, स्वतः काही वाचत नाहीस." ते खरं होतं. घरी आल्यावर इंग्रजीतला एक शब्द बघवत नसे.

पंचवटीत माझ्याकडे एकही घर नव्हतं. तिथल्या एका औषधाच्या दुकानात चौकशी केली तेव्हा दुकानदार म्हणाला, "गल्लीच्या टोकाला यात्रेकरूंना खोल्या देणारं घर आहे. तिथल्या सूनबाईंना विचारा. औषधाची पुडी दिली तर त्यावरचं बारीक अक्षरसुद्धा वाचल्याशिवाय जात नाहीत."

घर बैठं होतं. पुढे रुंद ओटा, मागे ओळीने खोल्या. नदीवर विधी करायला आलेली, त्र्यंबकला जाऊन येणारी माणसं तिथे उतरायची आणि दोन-तीन दिवसांनी निघून जायची. सूनबाईंना सगळे वहिनी म्हणायचे. त्यांचे यजमान भाजीच्या मार्केटमध्ये अडतीवर होते, पहाटे जायचे आणि दुपारी येऊन झोपायचे. खोल्यांचा कारभार सासूबाईंच्या हातात, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. वहिनी तिशीच्या पुढच्या, बारावीपर्यंत शिकलेल्या. मी नांदगावची म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"मंग आधी सांगायचं ना. माझं माहेर तिकडचंच हाय," त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी मॅडमची ताई झाले.

सासूबाईंनी विचारलं, "कसले कागद हायेत हे?"

"तपासणी हाय, आत्याबाई," वहिनी म्हणाल्या. सासूबाईंना ते काहीतरी सरकारी वाटलं असावं. त्यांनी मान डोलावली आणि आत गेल्या. वहिनींनीही ती समजूत तशीच राहू दिली.

त्या दिवशी वहिनींनी वाचलं नाही. "आज कामं लय हायेत. कागद ठेवून जा, परवा या." मी दोन दिवसांनी गेले तर त्यांनी तो लेख एकदाही न अडता वाचून दाखवला. मी 'सीझन'चा अर्थ विचारला. "मीठ-मिरी घालून चव आणायची," त्या लगेच म्हणाल्या. मी पेन्सिल हातात धरून बसले होते. एकही खूण करावी लागली नाही.

पुढे दर महिन्याला हाच क्रम झाला. आधी कागद ठेवून यायचं, दोन दिवसांनी वाचन. एकदा मी मुद्दामच न सोपा केलेला, मोठ्या आवृत्तीतला लेख दिला. तोही त्यांनी वाचला, अर्थासकट. फक्त एक गोष्ट मला चमत्कारिक वाटायची. त्यांचे उच्चार स्थिर नव्हते. एका महिन्यात त्या 'ओन्ली'ला 'वोन्ली' म्हणायच्या आणि 'एव्हरी'ला 'येव्हरी'. पुढच्या महिन्यात 'स्नॅक्स'चे 'स्नेक्स' व्हायचे आणि 'हॉल'चा 'होल'. एकदा 'व्हेरी गुड'चं 'भेरी गुड' ऐकलं. टीव्हीवरून उचलत असतील, असं मी मनाशी म्हटलं.

संपादकबाईंना हे सगळं कळलं तेव्हा त्या स्वतः बघायला आल्या. ओट्यावर सतरंजी घातली होती. वहिनींनी मुलांच्या हट्टीपणावरचा एक लेख वाचला, सावकाश, खणखणीत आवाजात. बाई खूश झाल्या. परतताना रिक्षात मला म्हणाल्या, "ही आपली वाचक. पंचवटीतल्या साध्या घरातली बाई हे वाचते, म्हणजे आपणच उगाच घाबरत होतो. इतकं सोपं करू नकोस. हिच्या मापाचं इंग्रजी ठेव."

मी म्हटलं, "मॅडम, बाकीच्या घरांतल्या खुणा बघा एकदा. तिथे फार अडतंय."

"होईल सवय," त्या म्हणाल्या. त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती.

पहिला अंक निघायच्या बेतात असताना एकदा मी पंचवटीत एक दिवस आधीच गेले. दुसऱ्या दिवशी आईला दवाखान्यात न्यायचं होतं. गल्लीतूनच ओटा दिसला. जाड चष्म्याचे, कपाळावर गंध लावलेले एक म्हातारे गृहस्थ आमचे कागद हातात धरून खांबाला टेकून बसले होते. शेजारी त्यांची बायको. पायरीवर वहिनी मेथी निवडत होत्या. गृहस्थ एक वाक्य वाचायचे, वहिनी मेथीवरची नजर न काढता ते म्हणायच्या. सासूबाईसुद्धा दाराच्या उंबऱ्यात बसल्या होत्या.

'टेक फॉर ग्रँटेड' असं काहीतरी आलं. वहिनी म्हणाल्या, "इसका मतलब?"

गृहस्थांनी जरा विचार केला. मग बायकोकडे बोट दाखवून मोडक्या हिंदीत म्हणाले, "ये मेरे को लेती है ना, वैसा. आदमी है तो है. जाएगा किधर."

बायकोला हिंदी येत नसावं, पण आपल्याबद्दल चाललंय हे तिला कळलं. तिने तेलुगूत काहीतरी सुनावलं. गृहस्थांनी त्याचंही भाषांतर केलं, "वो बोलती है, उल्टा है." सासूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

वहिनींनी मला बघितलं. लाजल्या नाहीत, की गडबडल्या नाहीत. थोडं सरकून जागा केली. "बसा ताई. हे आजोबा रेल्वेत स्टेशनमास्तर होते. चांगलं समजावून सांगतात."

ती दोघं नदीकडे गेल्यावर मी विचारलं, "दर महिन्याला असंच करता का?"

"मंग? कागद आला की बघायचं, कोण उतरलंय. कुणाला ना कुणाला इंग्रजी येतंच. मागच्या खेपंला सुरतेचे होते. त्याआधी कलकत्त्याची एक मास्तरीणबाई होती, लय गोड बोलायची."

'भेरी गुड' कुठून आलं ते मला कळलं. मी म्हटलं, "वहिनी, पण हे तुम्ही एकटीने वाचायचं असतं. तुम्हाला आपलं आपण किती समजतं, ते आम्हाला बघायचं आहे."

त्या मेथीची काडी मोडता मोडता थांबल्या. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तसं नाय म्हणाला तुम्ही. वाचून दाखवा म्हणाला. आन मला समजतंय की आता सगळं."

ते खरंच होतं. त्यांना सगळं समजत होतं. त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं, आणि मी तरी त्यांना कुठे काय स्पष्ट सांगितलं होतं. मी चहा प्याले आणि परत आले.

संपादकबाई पुढच्या खेपेला आल्या तेव्हा मी त्यांना जे पाहिलं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "अर्थ कळतो ना पण तिला?"

"कळतो. कुणीतरी शेजारी बसून सांगितल्यावर."

"मग बाकीच्यांनाही कुणीतरी सांगेल. नवरा, मुलगी."

"सिडकोतल्या बाईंचे यजमान रात्रपाळी करतात, मॅडम. दिवसा झोपलेले असतात. मुलगी पहिलीत आहे."

त्या उठून खिडकीपाशी गेल्या. दुकानात कुणीतरी टायर आपटत होतं. "मालकांना मी सांगून बसलेय," त्या म्हणाल्या. "जाहिरातवाल्यांकडे नमुन्याचा अंक गेलाय. आता मागे नाही घेता येणार." मला त्यांचा राग आला नाही. त्यांचेही पाय सुजलेले होते. गाडीत उभं राहून आल्या होत्या.

अंक निघाला तो वहिनींच्या मापाचा. मी नेहमीच्या घरांत तो वाटला. बायका म्हणायच्या, "फोटो छान आहेत." कुणी एखादी पाककृती विचारून घ्यायची. टेबलावर, झाकून ठेवलेल्या टीव्हीशेजारी तो अंक नीट ठेवलेला असायचा, पाहुण्यांना दिसेल असा, आणि त्याची पानं एकमेकांना चिकटलेलीच असायची. स्टॉलवरून गठ्ठे परत यायला लागले. कचेरीतली आतली खोली त्यांनी भरली. दारही पूर्ण उघडेना.

मग हुकूम आला, सोपं करा. केलं. पुन्हा आला, आणखी सोपं करा. एका वाक्यात एकच गोष्ट. 'ऑल्दो' नको, 'अनलेस' नको, 'बट'सुद्धा शक्यतो टाळा. हे सांगायला सोपं होतं. लेखातली बाई दिवसभर राबून चिडलेली असायची, आणि तरीही नवरा उशिरा आला की त्याचं ताट झाकून ठेवायची. तो 'तरीही' काढल्यावर ती एका वाक्यात चिडायची आणि दुसऱ्या वाक्यात ताट झाकायची. मधला दुवाच नाहीसा व्हायचा. बाई जरा वेडसर वाटायला लागायची. मी एकदोनदा तो शब्द परत घातला. मुंबईहून तो पुन्हा काढून आला. तिसऱ्यांदा मी घातला नाही. दिवसाकाठी अशा किती बायकांचे 'तरीही' काढायचे, आणि घरी जाऊन आपल्या आईचं ताट वाढायचं. मला त्या दिवसांत बोलायचाही कंटाळा यायचा.

नवे कागद घेऊन मी वहिनींकडे गेले. त्यांनी ते हातात घेतले आणि माझ्यासमोरच वाचून टाकले. मग बाजूला ठेवले.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

"सोपं वाटलं ना?"

"सोपंच हाय. पण यात कुणाला इचारावं असं काय हाय?" त्यांनी आत एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "ताई, आत्याबाई मला ओट्यावर बसू देतात ते या कागदासाठी. कागद नसंल तर म्हणतील, पाहुण्यांशी तुझं काय बोलणं. अवघड असंल ते आणत जा."

एवढे दिवस मी ज्या शब्दांवर खुणा करत होते, काढून टाकत होते, त्या शब्दांवर या बाईचा संध्याकाळचा तास उभा होता. हे संपादकबाईंना काय सांगणार, आणि टेस्टिंगच्या कुठल्या रकान्यात लिहिणार.

मोठ्या आवृत्तीचा अंक मुंबईहून माझ्याकडे यायचाच. माझं काम झालं की तो मी वहिनींना द्यायला लागले. त्यात टेस्टिंगचं काही उरलं नव्हतं. मी पेन्सिलही काढत नसे. जाता येता डोकवायचे, तर कधी मदुराईचे कुणी असायचे, कधी जबलपूरचे. एकदा राजकोटची एक विधवा बाई चार दिवस राहिली. तिला इंग्रजी वहिनींपेक्षाही कमी येत होतं. तरी दोघी अंक मध्ये घेऊन बसल्या होत्या आणि फोटोतल्या स्वयंपाकघरात भांडी ठेवायला जागा कुठे आहे, याची चर्चा चालली होती. सासूबाई शेजारीच वाती वळत बसायच्या. वहिनी मला सांगायच्या, कलकत्त्याकडे मुलीला माहेरी आणायला कोण जातं, तेलंग्यांमध्ये मामाशी लग्न कसं चालतं. एवढ्या वर्षांत त्या स्वतः वणीच्या देवीच्या आणि माहेरच्या पलीकडे कुठे गेल्या नव्हत्या.

असं दोन-तीन वर्षं चाललं. मग सिंहस्थ जवळ आला तशी पंचवटीत जो तो बांधायला लागला. वहिनींच्या यजमानांनी आणि दिरांनी मिळून त्या खोल्या पाडल्या आणि तीन मजल्यांचं लॉज उभं केलं. प्रत्येक खोलीला लागून संडास-बाथरूम. खाली काउंटर, काउंटरवर पगारी माणूस. ओट्याच्या जागी गाड्या लावायला फरशी. घरची माणसं वरच्या मजल्यावर राहायला गेली. सासूबाईंचे गुडघे गेल्यामुळे त्या खाली उतरेनाशा झाल्या.

मी अंक घेऊन वर गेले. जागा चांगली होती, हवेशीर. खिडकीतून नदीपलीकडची घरं दिसायची. वहिनींनी अंक घेतला, चाळला.

"कुणाला इचारू आता," त्या म्हणाल्या. "पाहुणे खालूनच येतात, खालूनच जातात. वर कोण येतंय." हे त्यांनी कुरकुर म्हणून सांगितलं नाही. लाइट गेल्याचं सांगावं तसं सांगितलं. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "ती स्टेशनमास्तरची बायको परत नाय आली गं कधी." टीव्हीवर मालिका चालू होती.

त्यानंतर माझंही जाणं कमी झालं.

कचेरीतही दिवस बदलले होते. संपादकबाई नोकरी सोडून मुलाकडे राहायला गेल्या. जाताना फोन केला, म्हणाल्या, "तुझ्या त्या सगळ्या खुणा मी ठेवायला हव्या होत्या." त्यांच्या जागी एक तरुण गृहस्थ आले. त्यांनी घरोघर जाणं बंद केलं. मजकुरात हिंदी शब्द इंग्रजी अक्षरांत यायला लागले, 'मस्त', 'झटपट', 'टेन्शन मत लो'. त्यांचं म्हणणं होतं की आता बायका वाचत नाहीत, बघतात. त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. मी तोपर्यंत फोटोंखालच्या ओळीच लिहीत होते. 'ट्राय धिस.' 'लव्ह धिस.' एखादा फोटो आला की बराच वेळ त्याच्याकडे बघत बसायचे, आणि दोनच शब्द सुचायचे, आणि तेवढेच हवे असायचे.

मग एका वर्षी आवृत्ती बंद झाली. फार काही घडलं नाही. संगणक गोणपाटात गुंडाळून टेम्पोत घातले. अंकांचे गठ्ठे रद्दीवाल्याने नेले. टायरवाल्याने वरच्या खोल्याही घेतल्या. मला नाशिकरोडला एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासात काम मिळालं, सकाळची एक बॅच आणि संध्याकाळची एक. मुलं चांगली होती. कॉल सेंटरमध्ये जायचं म्हणायची. मधल्या वेळात आईला फिजिओथेरपीला न्यायचं, औषधं आणायची, स्वयंपाक करून ठेवायचा. आई आता कुणी विचारलं की म्हणायची, "क्लास घेते." हे सांगताना तिला बरं वाटायचं.

एका मे महिन्यात पंचवटीत आईच्या मालिशचं तेल आणायला गेले होते. डॉक्टरांनी सांगितलेलं तेल तिथल्याच एका दुकानात मिळायचं. दुकान बंद होतं. चारला उघडेल, शेजारचा म्हणाला. ऊन असं होतं की गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. मी सावली बघत बघत लॉजपाशी आले आणि आत शिरले. काउंटरवर वहिनीच बसल्या होत्या.

"काउंटरवरचा माणूस जेवायला गेला की मी बसते दोन तास," त्या म्हणाल्या. केस पिकायला लागले होते. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, मोठी मुलगी बी.एस्सी.ला आहे, हे त्यांनी सांगितलं. वाचता का काही, असं मी विचारलं. "नाय. वेळच नाय. आन डोळे पण दुखतात." मी मान हलवली. माझेही दुखत होते.

मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "ताई, तुम्ही लय दमल्या."

दमले नाही, असं म्हणायची सवय होती. पण तोंडातून निघालं, "हो, दमलेय."

त्यांनी पाठीमागच्या फळीवरून एक किल्ली काढली. काउंटर तसंच सोडून मला तळमजल्यावरच्या एका खोलीत घेऊन गेल्या. चादर झटकली, पंखा लावला, खिडकीचा पडदा ओढला. माठातलं पाणी तांब्याभर आणून ठेवलं.

"पडा जरा. क्लास कितीला हाय?"

"सहाला. पण नाशिकरोडला जायचंय, आणि तेलही घ्यायचंय."

"तेल मी आणवते. साडेचारला उठवते."

मी चपला काढल्या. लॉजच्या खोलीत मी आयुष्यात पहिल्यांदाच झोपत होते, तेही आपल्याच गावात, भरदुपारी. बाहेर कुणीतरी गरम पाण्याबद्दल विचारत होतं आणि वहिनी त्यांना जिना दाखवत होत्या. पुढचं मला ऐकू आलं नाही.

त्यांनी उठवलं तेव्हा उशाशी तेलाची बाटली होती आणि त्यांच्या हातात चहा. मी तोंड धुतलं, चहा प्याले आणि क्लासला गेले.